एक्स्पोर्ट क्वालिटी

मंगळवारी मेल आला.
पेंटप्पा शेठनी चष्मा कपाळावर ढकलून
मलाच वाचायला लावला, कारण माझं इंग्रजी बरं
आणि वाईट बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांची जुनी सवय.
परिस्थिती स्पष्ट होईपर्यंत
उरलेले दोन कंटेनर थांबवावेत.

परिस्थिती म्हणजे विमानं.
दिल्लीनं कुणाकडून तरी लढाऊ विमानं घ्यायचं ठरवलं
आणि ज्यांच्याकडून घेतली नाहीत, ते रागावले.
रागावलेलेच आमचे टॉवेल वापरतात.
अंग पुसतात, वाळूत अंथरतात,
हॉटेलात पलंगाच्या पायथ्याशी तीन घड्या घालून ठेवतात.
पहिली घडी आमच्या रेणव्वांची असते,
अक्कलकोट रोड, एमआयडीसी,
दिवसभर उभ्यानं.

निर्बंध.
शब्द तरी बघा.
निर् म्हणजे नाही, बंध म्हणजे गाठ.
गाठच नसलेला शब्द,
आणि आवळतो कसा!

शेठ म्हणाले, घेऊ देत. घ्यावीतच.
उद्या सांगतील, लुंगी कुठल्या दुकानातून घ्यायची ते.
छाती काढून म्हणाले.
मग दार लोटून बँकेला फोन लावला.

रात्रपाळीला पॅकिंग स्लिपच्या पाठीवर
एका विमानाचे टॉवेल किती, ते काढायला बसलो.
सत्तर बाय एकशे चाळीस, पाचशे जीएसएम,
डझनाचा भाव, डॉलरचा भाव.
माझ्या कॅलक्युलेटरात आठच आकडे मावतात;
नववा टाकला की कोपऱ्यात बारीक ई उमटतो
आणि यंत्र गप्प.
पुन्हा केलं. पुन्हा ई.
शेडमध्ये माग खडखडत होते,
त्यांना बीम संपेपर्यंतचंच कळतं.

घरी बोललो नाही यातलं काही.
घरी भिंतीवर श्रीहरी आहे, निळ्या टोपीत.
तो विमान उडवत नाही. विमानाखाली असतो,
पाठीवर, हातात पाना.
जुन्या विमानांच्या पॅनेलवरची परकी अक्षरं शिकलाय.
फोनवर म्हणाला, एक अक्षर उलट्या आरसारखं आहे, अम्मा,
म्हणायचं 'या', अर्थ होतो 'मी'.
बालमणीच्या मांडीवर सूप, सुपात विड्या.
घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण हे ती मराठीत म्हणाली:
या तर पाहुण्याला म्हणतात.
पोराला ये म्हणतात. ये की मग.

तो थोडा वेळ गप्प.
नवी येईपर्यंत जुनीच उडवायचीत अम्मा,
जुन्याला हात फार लागतात.
मग मला, हळू आवाजात:
एक फ्लाइट लेफ्टनंट आहे, बाई,
माझ्याहून दोन वर्षांनी लहान.
ती वर गेली की
चाकं टेकेपर्यंत चहा उतरत नाही घशाखाली.

आता मी कुणीकडून बोलू?
गोडाऊनमध्ये छतापर्यंत पांढरे गठ्ठे,
वर त्या बाईच्या सीटचं वय
माझ्या नोकरीइतकं.
देवापुढे उभा राहिलो तेव्हा
नक्की काय मागायचं ते सुचेना;
घंटा वाजवली आणि परत आलो.

सेकंडमध्ये गेलेला एक टॉवेल होता,
कडेला बाणा सैल पडलेला, बाकी चोख.
विडीच्या पानांच्या जुन्या खोक्यात घालून
श्रीहरीला पाठवला, शेंगाच्या चटणीबरोबर.
आठ दिवसांनी फोन आला: मस्त आहे, बाबा.
कॅनॉपी पुसली. काचेवर एक तंतू राहिला नाही.
लेबल उसवलंस का, मी विचारलं;
त्या हॉटेलचं नाव आहे त्यावर, त्यांच्या देशातल्या.
राहू दे, म्हणाला,
पुसताना कोण वाचतंय.

शनिवारी सहा माग बंद केले.
आवाज कमी झाला की शेड केवढी मोठी वाटते.
रेणव्वांनी हातातला टॉवेल घडी घालून ठेवला,
पदरानं कपाळ टिपलं
आणि दारातून विचारलं, सोमवारी यायचं ना?

मी रजिस्टरात बघितल्यासारखं केलं.
म्हटलं, या.